जुना ट्रॅक्टर सुधारावा की नवा मोठा घ्यावा?
(ऊस विकास विभागाकडून)



ऊसबिलाचा हप्ता खात्यावर जमा झाला की गट ऑफिसात एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, घरचा पस्तीसचा ट्रॅक्टर आता दमतोय. त्यालाच खर्च करू, का देऊन टाकू आणि पंचावन्नचा नवा घेऊ?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुतेक ठरलेले असते, साहेबांनी नुसती मान हलवावी एवढीच अपेक्षा असते. अशी मान मी एकदा हलवली आहे. तिची किंमत माझ्याच घराने मोजली. ती हकिगत पुढे येईलच. आधी हिशेब पाहू.

हॉर्सपॉवर जाते कुठे?

बॉनेटवर लिहिलेला आकडा इंजिनाचा असतो, नांगराचा नव्हे. इंजिन ३५ हॉर्सपॉवरचे असले, तर मागच्या पीटीओ शाफ्टवर साधारण ३० मिळते आणि भुसभुशीत रानात ओढीला प्रत्यक्ष २० च्या आसपासच उरते. बाकीची गिअरबॉक्समध्ये, टायर दबण्यात आणि चाक घसरण्यात खर्ची पडते. म्हणून "ट्रॅक्टर ओढत नाही" या तक्रारीचे कारण दर वेळी इंजिनच असते असे नाही. पुष्कळदा ते टायरमध्ये असते.

हे घरच्या घरी तपासता येते. मागच्या टायरवर चुन्याची खूण करा. नांगर वर उचलून त्याच रानात चाकाचे १० फेरे चालवा आणि अंतर मोजा. समजा ४१ मीटर भरले. आता नांगर नेहमीच्या खोलीला लावून पुन्हा १० फेरे मोजा. ३५ मीटर भरले तर ६ मीटर गेले, म्हणजे घसर सुमारे १५ टक्के. रानात १० ते १५ टक्के घसर चालते. पण ३० मीटरच भरले तर घसर २७ टक्के झाली. अशा वेळी चौथा हिस्सा डिझेल जागच्या जागी चाक फिरवण्यात जळते. यावर नवे इंजिन हा इलाज नाही. टायरच्या झिजलेल्या गुट्ट्या, चाकातले पाणी, लोखंडी वजने आणि हवेचा दाब आधी पाहावा. रानात हवा रस्त्यापेक्षा कमी लागते. कंपनीच्या पुस्तकात दोन्ही आकडे दिलेले असतात, पण ते पुस्तक आपल्याकडे देव्हाऱ्याच्या फळीवर असते.

जुन्या ट्रॅक्टरची तपासणी

माणसाची नाडी पाहतात तसा ट्रॅक्टरचा धूर पाहावा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे; रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजले. काळा धूर म्हणजे हवा कमी आणि डिझेल जास्त. आधी एअर क्लीनर साफ करा, मग नोझल आणि पंप तपासा. सकाळी चालू करताना पांढरा धूर येऊन थोड्या वेळाने थांबला तर चिंता नको. तो थांबलाच नाही आणि रेडिएटरचे पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा.

त्यानंतर पुढील गोष्टी पाहाव्यात:

१. इंजिन तापल्यावर ऑइल प्रेशर टिकते का? ऑइल भरायचे झाकण काढल्यावर भपके येतात का?
२. क्लच घसरतो का? गिअर आपोआप सुटतो का?
३. हायड्रॉलिकने उचललेला नांगर तसाच राहतो, की हळूहळू खाली बसतो?
४. गिअरबॉक्स, हौसिंग आणि मागचा ॲक्सल यांना तडा किंवा वेल्डिंग आहे का?
५. दोन्ही ब्रेक सारखे लागतात का? स्टेअरिंगला मोकळा खेळ किती?
६. सुटे भाग मिळतात का? एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. असा बंद पडलेल्या कंपनीचा ट्रॅक्टर घरी असेल, तर मोठा खर्च करण्याआधी गिअरबॉक्सचे सामान कोठे मिळते याची खात्री करून घ्यावी.
७. नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे ५-५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ते झाले आहे का?

नुसते इंजिन थकले असेल तर जुना ट्रॅक्टर सुधारण्याजोगा आहे. लायनर-पिस्टन, रिंगा, बेअरिंग बदलले, क्रँक मापाला घासली, हेडचे काम केले आणि पंप-नोझल मशीनवर जुळवून घेतले, की इंजिन पुन्हा उभे राहते. हौसिंगला तडा, गिअरबॉक्स खिळखिळी आणि सामानाची मारामार, असे तिन्ही एकत्र आले तर मात्र त्यावर पैसा घालू नये.

सुधारणा कोणत्या क्रमाने?

आपल्याकडे आधी रंग, मग टेप, मग हेडलाइट आणि पैसे उरले तर ब्रेक, असा क्रम दिसतो. तो उलटा करावा. पहिला खर्च ब्रेक, स्टेअरिंग आणि टायरचा. दुसरा इंजिनाचा. तिसरा क्लच आणि हायड्रॉलिकचा. जमत असेल तर पॉवर स्टेअरिंग बसवून घ्यावे. दिवसभर बांधणी करणाऱ्याचे खांदे दुवा देतात.

एक गोष्ट मात्र कोणी कितीही सांगितली तरी करू नये. "पंप थोडा खोलून देतो, पस्तीसचा पंचेचाळीस होईल," असे सांगणारे मिस्त्री गावोगावी आहेत. पंपाचे डिझेल वाढवले की दोन दिवस ताकद वाटते हे खरे. पण हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, म्हणून काळा धूर सुटतो, हेड आणि पिस्टन तापतात. इंजिनाने तग धरलाच, तरी वाढीव जोर क्लचवर, गिअरवर आणि ॲक्सलवर येतो, आणि ते पस्तीसच्याच मापाचे आहेत. वाढीव ताकदीच्या भरवशावर मागे दोन ट्रॉल्या लावल्या की चढावर पुढची चाके उचलतात आणि उतारावर ब्रेक पुरत नाहीत. ट्रॅक्टर ओढतो किती यापेक्षा थांबवतो किती, हे वाहतुकीत मोठे.

नव्या मोठ्या ट्रॅक्टरचे गुण आणि त्याची भूक

मोठ्या ट्रॅक्टरला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. दोन फाळी पलटी नांगर, मोठा रोटाव्हेटर, खोडव्यातली पाचट कुट्टी आणि दोन ट्रॉल्यांची ऊस वाहतूक या कामांना ५० च्या पुढची ताकद खरोखर लागते. ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक, पॉवर स्टेअरिंग, दुहेरी क्लच हे सगळे फायद्याचे आहे. चारही चाकांना ओढ असलेला ट्रॅक्टर ओलीत सरस चालतो. मात्र डांबरी रस्त्यावर पुढची ओढ बंद ठेवावी, नाही तर पुढचे टायर खाल्ले जातात.

पण तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली, १ जानेवारी २०२३ पासून ५० हॉर्सपॉवरवरील नव्या ट्रॅक्टरना धुराचे कडक नियम लागू झाले. त्यामुळे या गटात कॉमन रेल पद्धतीची, सेन्सर आणि कंट्रोल युनिट असलेली इंजिने आली. ती डिझेल नेमके जाळतात, परंतु त्यांना डिझेल स्वच्छच लागते. कॅनमधले, फडक्याने गाळलेले डिझेल त्यांना सोसत नाही. बिघाड झाला तर पाना घेऊन मिस्त्री पुरत नाही. कॉम्प्युटर लावणारा माणूस लागतो. तो आपल्या गावापासून किती लांब आहे, हे पाहूनच सही करावी.

दुसरी गोष्ट माझ्या खात्याची आहे. मोठा ट्रॅक्टर जड असतो. वाफसा नसताना तो काळ्या रानात घातला, की वरची माती मऊ दिसली तरी खाली ती दबून घट्ट होते. अशा रानात मुळ्या खोल जात नाहीत, पाणी साचते, आणि खोडव्यात चाकोरीच्या कडेचे बेट फुटत नाही. सभासद म्हणतो, "बियाणं खराब निघालं." बियाण्याचा दोष नसतो, चाकाखाली रान मेलेले असते. शिवाय चार फुटी सरीत बाळबांधणीला मोठा ट्रॅक्टर शिरत नाही. त्या कामाला पुन्हा छोटा ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलर शोधावाच लागतो. आणि २०-३० गुंठ्यांच्या तुकड्यात त्याचा निम्मा वेळ वळण्यात जातो.

तिसरी गोष्ट म्हणजे हप्ता.

हिशेब मांडून पाहू

खालचे भाव उदाहरणादाखल धरले आहेत. आपापले आकडे घालून प्रत्येकाने हिशेब करावा.

समजा नव्या ट्रॅक्टरची किंमत ९ लाख ५० हजार. जुन्याचे १ लाख ५० हजार वजा जाऊन ८ लाख कर्ज. १० टक्के व्याजाने ७ वर्षांत फेडायचे तर वर्षाचा हप्ता सुमारे १ लाख ६४ हजार येतो. भाड्याच्या कामात डिझेल, ड्रायव्हर आणि देखभाल वजा जाता तासाला ४०० रुपये उरतात असे धरा. म्हणजे नुसत्या हप्त्यासाठी वर्षाला ४१० तास भाड्याचे काम मिळालेच पाहिजे. यात घरच्या रानाचे काम धरू नये. ते जुना ट्रॅक्टर करतच होता.

दुसऱ्या बाजूला, जुन्याचे इंजिनकाम १ लाख २० हजार, टायर ४५ हजार, ब्रेक-क्लच २५ हजार, मिळून १ लाख ९० हजार. हेही १० टक्क्यांनी ५ वर्षांसाठी कर्ज काढून केले, तर वर्षाला सुमारे ५० हजार. तेवढ्याला १२५ तास पुरतात.

नव्याची बाजूही सांगितली पाहिजे. सात वर्षांनी त्याला विक्रीची किंमत असते; जुन्याला नगण्य. नवा कामही जास्त उरकतो. तेव्हा प्रश्न एवढाच, की ४१० तासांचे काम हातात आहे, की नुसते मनात आहे?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, हे कारण बरेच जण पुढे करतात. बरोबर आहे. पण त्याच वेळी ट्रॅक्टरचे टायर आणि अनेक सुटे भाग १८ वरून ५ टक्क्यांवर आले. स्वस्ताई दोन्हीकडे झाली आहे.

घरची हकिगत

आमची सहा एकर जमीन. वडिलांनी १९९६ साली घेतलेला पस्तीसचा ट्रॅक्टर होता. २०१८ च्या दसऱ्याला धाकट्या भावाने विचारले, "दादा, मोठा घेऊ का? वाहतुकीला लावतो." वडील म्हणाले, "अजून चांगला हाय की. इंजिन करून घ्या." मी कृषी पदविकाधारक, दररोज सभासदांना सल्ला देणारा. मी भावाच्या बाजूने बोललो. जुना दिला, नवा आला, पेढे वाटले.

पहिला गळीत हंगाम बरा गेला. पुढच्या हंगामासाठी भावाने तोडणी टोळीला उचल दिली. ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला. आमच्या चार एकर उसात पाणी उभे राहिले, गावाचे निम्मे रान गेले आणि भाड्याची कामे आटली. हंगामाच्या तोंडावर टोळी आलीच नाही, उचल बुडाली. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. ट्रॅक्टर दारात उभा राहिला, हप्ता मात्र थांबला नाही. २०२१ साली तो विकला. आलेल्या पैशात कर्ज फिटले नाही. उरलेले दोन वर्षांच्या ऊसबिलातून गेले. पुतणीचे कॉलेजचे पैसे त्या वर्षी कसे भरले, ते आम्हालाच ठाऊक.

आमचा जुना ट्रॅक्टर शेजारच्या गावच्या एका शेतकऱ्याने घेतला होता. त्याने इंजिन करून घेतले आणि तो आजही आमच्या शिवेपलीकडे नांगरट करतो. लांबून आवाज आला की वडील म्हणतात, "आपला हाय." मी काही बोलत नाही.

दोष त्या नव्या ट्रॅक्टरचा नव्हता. काम आधी न बांधता ट्रॅक्टर आधी घेतला, हा दोष आमचा. आणि हिशेब न मांडता मान हलवली, हा माझा.

मग घ्यावे काय?

घरचे रान दहा एकरांच्या आत असेल, भाड्याचे काम तुरळक असेल आणि जुन्याची गिअरबॉक्स-हौसिंग धड असेल, तर जुनाच सुधारावा. खोल नांगरट किंवा सबसॉयलर ही कामे वर्षातून चार दिवसांची. ती मोठ्या ट्रॅक्टरकडून भाड्याने करून घ्यावी, वाफशावरच.

भाऊबंद मिळून वीस-पंचवीस एकर असतील, वाहतुकीचा करार हातात असेल, टोळी खात्रीची असेल आणि एक हंगाम बुडाला तरी हप्ता भरण्याची सोय असेल, तर नवा मोठा जरूर घ्यावा. दोघातिघांनी मिळून घेतला तर आणखी बरे; मात्र पाळी आणि खर्चाची वाटणी आधीच कागदावर करावी.

दोन्हीपैकी काहीही करा, पण वही ठेवा. तास, डिझेल, ऑइल बदलाची तारीख आणि भाड्याची जमा, एवढे चारच रकाने पुरेत. एका वर्षाची वही घेऊन गट ऑफिसात या. आपण बसून हिशेब मांडू. या वेळी मी नुसती मान हलवणार नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी