इंग्रजीतील अनियमित क्रियापदांचा भूतकाळ : चुकीचे मूळ व पाठाची दिशा

इयत्ता पाचवीच्या वर्गात शिक्षक विचारतात, काल तू कोठे गेला होतास ते इंग्रजीत सांग. मुलगा धीर करून उभा राहतो आणि म्हणतो, "येस्टरडे आय गोड टु मार्केट." 'गोड' हा शब्द ऐकताच वर्गात हशा पिकतो. मुलगा खाली बसतो आणि पुढे कित्येक दिवस तो आपण होऊन उभा राहत नाही. असा प्रसंग पुष्कळ शाळांतून घडतो. त्यात व्याकरणाची हानी थोडी होते, परंतु मुलाच्या धैर्याची हानी मोठी होते. महाराष्ट्रात सन २००० पासून इंग्रजी इयत्ता पहिलीपासून शिकविली जाते. यास्तव ह्या चुकीचे मूळ प्रत्येक प्राथमिक शिक्षकाने नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

चूक कोठून येते?

'गोड' हा शब्द त्या मुलास कोणीही शिकविलेला नसतो. 'प्ले'चे 'प्लेड' आणि 'वॉश'चे 'वॉश्ट' होते हे त्याने ऐकलेले असते. त्यावरून त्याने नियम ताडला आणि तो 'गो'ला लावला. म्हणजे चूक झाली ती नियम समजल्यामुळे. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा आहे अशी मुलेही हेच करतात. अमेरिकन संशोधिका जीन बर्को यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार ते सात वर्षांच्या मुलांपुढे 'ग्लिंग' असे एक बनावट क्रियापद ठेवले होते. बहुतेक मुलांनी त्याचा भूतकाळ 'ग्लिंग्ड' असा केला. प्रौढांपैकी कित्येकांनी मात्र 'सिंग–सँग'च्या धर्तीवर 'ग्लँग' असे सांगितले.

आपल्या घरातही हाच अनुभव येतो. बोलू लागलेले मूल "मी करलं" असे म्हणते. आई त्यास रागे भरत नाही. "केलंस का? शहाणं गं माझं बाळ!" एवढेच ती म्हणते आणि योग्य रूप मुलाच्या कानी घालते. वर्गातही हीच रीत योजावी. मुलगा 'गोड' म्हणाला तर शिक्षकाने सहजपणे म्हणावे, "ओ, यू वेन्ट टु द मार्केट! व्हॉट डिड यू बाय?" ह्याने संभाषण खुंटत नाही आणि दुरुस्तीही होते.

मराठीतील साधर्म्य

अनियमितपणा हा इंग्रजीचाच दोष आहे असे मुलांस वाटू देऊ नये. मराठीत 'बसणे–बसला', 'उठणे–उठला' ही रूपे सरळ चालतात. परंतु 'जाणे–गेला', 'करणे–केला', 'येणे–आला', 'घालणे–घातला', 'होणे–झाला' ही तशी चालत नाहीत. 'जा' आणि 'गेला' ही तर दोन निराळ्या धातूंपासून आलेली रूपे आहेत. इंग्रजीतील 'गो' आणि 'वेन्ट' यांचेही तसेच आहे. 'वेन्ट' हे मुळात 'वेन्ड' ह्या जुन्या क्रियापदाचे भूतकाळी रूप होय.

जी क्रियापदे रोज तोंडी असतात त्यांचीच जुनी रूपे टिकून राहतात. क्वचित येणाऱ्या क्रियापदांची जुनी रूपे लोक विसरतात आणि ती नियमाच्या वाटेला लागतात. इंग्रजीत सर्वाधिक वापरात असलेली पहिली दहाही क्रियापदे अनियमित आहेत, ती ह्याच कारणाने. म्हणून त्यांचा सराव टाळून भागत नाही.

दुहेरी भूतकाळाची चूक

'वेन्ट' पाठ झाल्यावर दुसरी चूक डोके वर काढते : "ही डिड नॉट वेन्ट." हिचे मूळ मराठीच्या वाक्यरचनेत आहे. मराठीत 'तो गेला', 'तो गेला नाही', 'तो गेला का?' ह्या तिन्ही वाक्यांत 'गेला' हे रूप कायम राहते. मूल तोच संस्कार घेऊन इंग्रजीत येते. इंग्रजीत मात्र नकारात व प्रश्नात 'डिड' येताच भूतकाळाचे ओझे तो आपल्या खांद्यावर घेतो आणि मुख्य क्रियापद मूळ रूपात परत जाते : "ही वेन्ट." "ही डिड नॉट गो." "डिड ही गो?" एका वाक्यात भूतकाळाची खूण एकदाच, हे सूत्र फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवावे. 'वॉज' व 'वेअर' यांस मात्र 'डिड' लागत नाही, हा अपवाद वेगळा सांगावा.

एका बाबतीत इंग्रजी सोपी आहे. 'आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, बोरे खाल्ली' असा लिंगवचनाचा भेद तेथे नाही. सर्वत्र 'एट' हेच रूप चालते.

गटवार मांडणी

अकारविल्हे यादी पाठ करविण्यापेक्षा ध्वनीच्या साम्यावरून गट पाडावेत.

१. न बदलणारी : कट, पुट, हिट, शट, हर्ट. 'रीड'चे लेखन तेच राहते, उच्चार मात्र 'रेड' होतो.

२. शेवटच्या 'ड'चा 'ट' होणारी : सेन्ड–सेन्ट, स्पेन्ड–स्पेन्ट, बिल्ड–बिल्ट.

३. स्वर ऱ्हस्व होऊन 'ट' लागणारी : कीप–केप्ट, स्लीप–स्लेप्ट, स्वीप–स्वेप्ट, फील–फेल्ट.

४. 'ऑट' होणारी : ब्रिंग–ब्रॉट, बाय–बॉट, थिंक–थॉट, टीच–टॉट, कॅच–कॉट.

५. मधला स्वर बदलणारी : सिंग–सँग, रिंग–रँग, ड्रिंक–ड्रँक, स्विम–स्वॅम.

६. 'ओ'चा 'यू' होणारी : ग्रो–ग्र्यू, नो–न्यू, थ्रो–थ्र्यू.

'गो–वेन्ट'सारखी एकटी रूपे वाक्यांतूनच रुळवावीत. 'फॉल–फेल' व 'फील–फेल्ट' ह्या जोड्या मात्र एकाच दिवशी घेऊ नयेत.

पाठाच्या पायऱ्या

प्रस्तावना : शिक्षकाने 'बसणे, उठणे, जाणे, करणे' ही क्रियापदे उच्चारावीत व मुलांनी भूतकाळ सांगावा. 'करला' का म्हणत नाही, असे विचारावे. उत्तर मिळाले नाही तरी चालेल. प्रश्न मनात राहणे पुरे.

विवेचन : एका पाठात एकच गट व चार-पाच क्रियापदेच घ्यावीत. केरसुणी हाती घेऊन 'स्वीप', खडू आणवून 'ब्रिंग' अशी प्रत्यक्ष कृती करावी. कृती संपताच भूतकाळी वाक्य उच्चारावे व मुलांकडून म्हणवून घ्यावे.

उपयोजन : वर्गाच्या तीन रांगा कराव्यात. पहिल्या रांगेने विचारावे, "डिड यू ब्रिंग युअर बुक?" दुसरीने सांगावे, "नो, आय डिड नॉट ब्रिंग माय बुक." तिसरीने पूर्ण करावे, "आय ब्रॉट माय स्लेट." क्रियापद बदलताना रांगाही बदलाव्यात. द्विशिक्षकी शाळेत वरच्या इयत्तेने प्रश्न विचारावेत व खालच्या इयत्तेने उत्तरे द्यावीत.

गृहपाठ : काल घरी वा शेतात जे घडले त्याची तीन वाक्ये. गायीने दूध दिले, आजी बाजारास गेली, भावाने पतंग आणला, असे मुलाचे स्वतःचे जगणे त्यात यावे. तपासताना प्रथम मजकुराची दखल घ्यावी, मग रूपांची.

शिक्षकास एखादे रूप ऐन वेळी आठवले नाही तर त्याने मुलांसमक्ष शब्दकोश उघडावा. त्यात कमीपणा नाही. न आठवणारे रूप शोधावयाचे असते, लपवावयाचे नसते, हा धडा मुले त्यातून घेतील. आणि 'गोड' म्हणून खाली बसलेला मुलगा पुन्हा हात वर करील, तेव्हाच हा पाठ सफल झाला असे समजावे.