आठ आवाजांतली दिवेलागण

इंग्लंडमधल्या एका हौशी कॉयरमध्ये मी खर्जाच्या रांगेत गातो. मी ख्रिस्ती नाही; गाण्यापायी तिथे गेलो आणि रमलो. 'फोस हिलारोन' हे ग्रीक सांजस्तोत्र तिथेच भेटलं. त्याच्या संगतीत जे कळलं, ते असं.

१. कर्ता माहीत नसला की गाणं सगळ्यांचं होतं. चौथ्या शतकात संत बेसिल लिहून गेले, की दिवेलागणीला लोक म्हणतात ते स्तवन जुनं आहे, पण रचलं कुणी ते सांगता येत नाही. म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वीच ते जुनं झालं होतं! बायबलबाहेरच्या आणि आजही गायल्या जाणाऱ्या सर्वांत जुन्या ख्रिस्ती स्तोत्रांत ते मोडतं.

२. त्यात मागणं नाही. सूर्य मावळला, सांजेचा उजेड दिसला, ख्रिस्त हाच आनंदाचा प्रकाश, पिता-पुत्र-पवित्र आत्म्याचं गुणगान करू या. संपलं. क्षमायाचना नाही, गाऱ्हाणं नाही. माझ्यासारख्या बाहेरच्याला हे गाताना अवघडल्यासारखं होत नाही, त्याचं निम्मं कारण हेच असावं. (श्रद्धाळू मंडळींना हे कारण उथळ वाटेल. वाटो.)

३. भव्यता ऐकणाऱ्यांसाठी, गाणाऱ्याचं सगळं लक्ष बारीकसारीक गोष्टींत. जॉन कीबल यांनी १८३४ साली या स्तोत्राचा इंग्रजी अनुवाद केला. त्याला पुढे चार्ल्स वुड यांनी संगीत दिलं. वुड मूळचे आयर्लंडमधल्या आर्माचे, केंब्रिजला शिकवत. संगीतकार व्हॉन विल्यम्स त्यांचा शिष्य. गाणाऱ्यांचे दोन गट, प्रत्येकात चार आवाज, साथीला एकही वाद्य नाही. वारकरी भजनात टाळकऱ्यांच्या समोरासमोरच्या दोन रांगा आळीपाळीने चरण उचलतात, तसे हे गट एकमेकांच्या तोंडून ओळ घेतात आणि शेवटाकडे आठही आवाज एक होतात.

आता रांगेत उभं राहून पाहा. शब्दाअखेरचा 'ट' किंवा 'ड' सगळ्यांनी एकाच क्षणी सोडायचा. एकाचा जरी मागे राहिला, तरी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जातो. श्वास शेजाऱ्याबरोबर घ्यायचा नाही. तो गात असताना आपण चोरून घ्यायचा, म्हणजे बाहेरून स्वर अखंड वाटतो. आणि पट्टी! साथ नसल्यामुळे ती हळूहळू उतरते, तीही सगळ्यांची मिळून, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. गाणं संपलं की निर्देशक ट्यूनिंग फोर्क कानाशी धरतो आणि त्याच्या भुवयांवरून आम्हाला निकाल कळतो. भावगीतांवर पोसलेल्या गळ्याला सगळ्यांत जड जातं ते मुरकी आवरणं. इथे स्वर सरळ, पट्टीने ओढलेल्या रेषेसारखा लागतो. एकाने हरकत घेतली की रांगेने मिळून लावलेला स्वर फाटलाच.

४. घड्याळाशी फार हुज्जत घालू नये. ऑर्थोडॉक्स चर्चच्या हिशेबात नवा दिवस सूर्यास्तालाच उजाडतो, तेव्हा तिथे हे स्तोत्र नव्या दिवसाच्या तोंडावर येतं. आमच्याकडे सायंप्रार्थना ठरल्या वेळी, तिन्हीसांजेच्या भरवशावर नाही. लंडनच्या आसपास जूनमध्ये सूर्य सव्वानऊनंतर मावळतो, डिसेंबरात चारच्या आत. त्यामुळे उन्हाळ्यात लख्ख उन्हात आम्ही सूर्यास्त झाल्याचं गातो आणि हिवाळ्यात तो होऊन तास-दीड तास उलटल्यावर. कुणाची तक्रार नसते.

५. शांत रूपही ऐकावं. रशियन संगीतकार राख्मानिनोव्ह यांच्या १९१५ सालच्या 'ऑल-नाइट व्हिजिल'मध्ये हेच स्तोत्र स्लाव्होनिक भाषेत, कीव परंपरेच्या चालीवर, चौथ्या क्रमांकाला येतं. वुड यांच्या झळाळीपुढे हे अगदी मंद. मला हेच जास्त पटतं. पण लोक कान लावून बसतात पाचव्यासाठी, कारण त्याच्या अखेरीला खर्जवाले पायरी पायरीने पार तळाशी उतरतात. आमच्या रांगेलाही त्याचीच हौस आहे. तळाचा स्वर मात्र कुणालाच लागत नाही, म्हणून सध्या चौथाच बसवतो आहोत.