फाटकावरचे नाव आणि करारनामा

पेनसिल्व्हेनियात क्वेकर, मेनोनाइट, लूथरन, प्रेस्बिटेरियन अशा नाना पंथांनी वृद्धांसाठी उभारलेली निवासगृहे इतकी आहेत की, येथेच नोकरी करून निवृत्त झालेल्या किंवा मुलांच्या मागोमाग येथे आलेल्या आपल्या मंडळींपुढे म्हातारपणाच्या व्यवस्थेचा प्रश्न उभा राहिला म्हणजे त्यांची पावले पुष्कळदा प्रथम तिकडेच वळतात. आणि जी संस्था नफा घेत नाही व ईश्वरस्मरणाने दिवस सुरू करते तेथे आपली आबाळ होणार नाही, ही जी समजूत त्यामागे असते, तीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. एकंदरीने पाहता नफ्यासाठी चालवलेल्या शुश्रूषागृहांपेक्षा अशा गृहांत परिचारिकांचे प्रमाण अधिक आढळते. परंतु रात्री दोन वाजता तहान लागली असता सरासरी काही पाणी घेऊन येत नाही.

माझी थोरली बहीण आणि तिचे यजमान यांनी राहते घर विकून आलेल्या रकमेचा मोठा भाग अशाच एका संस्थेत प्रवेशशुल्क म्हणून भरला. एकाच आवारात आधी स्वतंत्र घर, पुढे मदतनिसांच्या आधाराने राहण्याची सोय आणि अखेरीस शुश्रूषागृह, अशी तिहेरी व्यवस्था; उतारवयात पतिपत्नींची ताटातूट होऊ नये, एवढाच दोघांचा हेतू. पुढे आक्काचे खुब्याचे हाड मोडले आणि इस्पितळातून तिला हलवण्याची वेळ आली, तेव्हा आवारातल्या शुश्रूषागृहात खाट रिकामी नाही, सबब तिची व्यवस्था दुसऱ्या गावी करीत आहोत, असे अत्यंत नम्रपणे कळवण्यात आले. ते गाव मोटारीने पाऊण तासावर, आणि दृष्टी अधू झाल्यामुळे मेहुण्यांनी मोटार चालवणे केव्हाच सोडलेले. करारनामा काढून पाहावा तो ‘खाट उपलब्ध असल्यास’ हे शब्द ठसठशीत छापलेले, त्यामुळे कज्जा करायलाही जागा नव्हती. चॅपलमध्ये मात्र दर रविवारी तिच्यासाठी प्रार्थना होत असे, आणि ती मनापासून होत असे याविषयी मला शंका नाही.

यानंतर मी व माझी पत्नी स्वतःसाठी संस्था पाहू लागलो, तेव्हा जन्मभर मुंबईत हिशेबतपासनिसी केलेल्या माणसाच्या सवयीने मी बागा पाहण्यापूर्वी ताळेबंद मागू लागलो. फाटकावर ज्या चर्चचे नाव असते ते त्या संस्थेच्या कर्जाला आणि वचनांना जामीन असतेच असे नाही, बहुधा नसतेच. कॅलिफोर्नियात मेथडिस्टांशी संलग्न असलेल्या पॅसिफिक होम्स या संस्थेने एकरकमी पैसे घेऊन माणसांना आजन्म सांभाळण्याचे करार केले. माणसे अपेक्षेपेक्षा अधिक जगली, खर्च वाढला, नव्या रहिवाशांच्या पैशातून जुन्यांचा भार वाहण्याची पाळी आली, आणि १९७७ साली संस्थेचे दिवाळे निघाले. रहिवाशांनी चर्चवरच फिर्याद केली, तेव्हा आपल्यावर दावा चालूच शकत नाही अशी कैफियत चर्चने मांडली. १९७९ मध्ये अपील न्यायालयाने ती फेटाळली आणि पुढल्या वर्षी प्रकरण तडजोडीने मिटले. पेनसिल्व्हेनियाच्या १९८४ च्या कायद्यान्वये आता अशा संस्थेला करारापूर्वी एक माहितीपत्रक द्यावे लागते, आणि संलग्न धर्मसंस्थेची आर्थिक जबाबदारी कितपत आहे हे त्यात लिहावे लागते. ते वाक्य शोधून काढावे. ‘फॉर्म ९९०’ नावाचे वार्षिक विवरणही कोणालाही पाहता येते. मात्र चर्चांना व त्यांच्या काही संस्थांना ते भरण्यापासून सूट आहे, तेव्हा जेथे ते नसेल तेथे तपासलेले हिशेब मागावेत. देण्यास कां-कूं झाली तर आपण निरोप घ्यावा.

पैसे संपले तर काय, हा प्रश्न विचारण्याचा आपल्या लोकांना विलक्षण संकोच वाटतो. केंद्रीय करखात्याच्या १९७२ च्या एका निर्णयाप्रमाणे, करमाफी हवी असलेल्या वृद्धनिवासाने पुढे निर्धन झालेल्या रहिवाशाला आपल्या ऐपतीप्रमाणे ठेवून घेण्याचे धोरण बाळगले पाहिजे. परंतु ‘ऐपतीप्रमाणे’ या शब्दात पुष्कळ काही मावते, म्हणून धर्मादाय निधीत शिल्लक किती आणि गेल्या वर्षी त्यातून खर्च किती, हे आकडेच विचारावेत. मेडिकेअर सारे भागवील हा तर निव्वळ भ्रम आहे: तीन दिवस इस्पितळात रीतसर दाखल राहिल्यानंतर ते कुशल शुश्रूषेचा खर्च फार तर शंभर दिवस उचलते, त्यातही पूर्ण खर्च पहिल्या वीस दिवसांचाच. आणि शुश्रूषागृहात दाखल करताना मुलाला किंवा सुनेला जामीन म्हणून सही करण्यास सांगितले, तर ती अट घालण्यास केंद्रीय कायद्यानेच मनाई आहे, हे शांतपणे सांगावे.

कागद झाले की माणसे पाहावीत, आणि ती दुपारच्या ठरवून दिलेल्या फेरीत नव्हे, तर शनिवारी संध्याकाळी जेवणे उरकल्यावर. शुश्रूषागृहांना सरकार दर्जादर्शक तारे देते, ते पाहावेत, पण त्यांतली काही मापे संस्थांनीच कळवलेली असतात हे ध्यानात ठेवून. सरकारी तपासणीचा अहवाल मात्र प्रत्येक गृहात रहिवाशांच्या हाताशी ठेवावा लागतो, तो तेथेच बसून वाचावा. एका सुंदर संस्थेत मी एका खोलीच्या दाराबाहेरचा, मदतीच्या हाकेचा लाल दिवा लागलेला पाहिला आणि घड्याळाकडे डोळे लावून बसलो. वीस मिनिटे कोणी फिरकले नाही. आत एक आजी खाटेवर कुशीवर वळलेल्या होत्या, आणि पाण्याचा पेला त्यांच्या पाठीमागच्या मेजावर, नळीवरचा कागदही न काढलेला. तेथल्या मदतनीस बाईला दोष देणे मला जमले नाही. त्या पाळीला एवढा मोठा मजला तिच्या एकटीवर सोपवलेला होता. भिंतीवर मात्र सेवाधर्माविषयीचे वचन सोनेरी अक्षरांत कोरलेले होते.

धर्माचा प्रश्न आपल्याला भेडसावतो तो भलत्याच बाजूने. देवापुढे निरांजन लावू देत नाहीत ते आगीच्या भयाने, प्राणवायूच्या नळकांड्यांपाशी ज्योत नको म्हणून. आमच्या परिचयाच्या एका बाईंनी गणपतीपुढे बॅटरीची समई ठेवली आणि ते प्रकरण तेथेच संपले. शाकाहाराचेही साधते, जरी आठवडाभर बटाटा आणि चीज यांवर राहावे लागले तरी. खरा विचार अखेरच्या दिवसांचा करावा. कॅथॉलिक संस्था आपल्या बिशपांच्या वैद्यकीय नीतिनिर्देशांना बांधलेल्या असतात. नळीवाटे अन्नपाणी देण्याबाबत त्यांचे मत निश्चित आहे, आणि आपल्या इच्छापत्राशी ते जुळेलच असे नाही. हे प्रवेशापूर्वी, दोघांच्या समक्ष, लेखी विचारून घ्यावे.

आम्ही ज्या संस्थांना ‘खाट उपलब्ध असल्यास’ या कलमात फेरफार मागितला, त्यांतल्या एकीने उत्तरच दिले नाही. दुसरीच्या चिटणिसांनी तो वकिलाकडे पाठवला: बाहेर ठेवावे लागल्यास वाढीव खर्च संस्थेचा, हे त्यांनी मान्य केले, जोडीदाराला रोज नेण्या-आणण्याची सोय करण्याचे मान्य केले, आणि अंतराची मर्यादा मात्र नाकारली. परत मिळणारी अनामत भरून तेथे नाव नोंदवले आहे. अंतराचा मुद्दा माझी पत्नी सोडायला तयार नाही, आणि पुढच्या महिन्यात ती स्वतः चिटणिसांना भेटणार आहे.