शेकडा पाचचा हिशेब

आमच्या घरात नऊ माणसं आहेत: सासू-सासरे, आम्ही दोघं, चार मुलं आणि एकटी पडलेली नणंद. यजमान यंत्रमागावर जातात, मी आणि नणंद विड्या वळतो. सोलापुरात अशी घरं गल्लोगल्ली दिसतील. खाणारी तोंडं जास्त म्हणून भागत नाही, असं लोक म्हणतात. माझा अनुभव निराळा आहे. भाकरी-आमटीपायी आमच्यावर कधी कर्ज झालं नाही. कर्ज झालं ते एका आजारपणापायी.

मामंजींच्या छातीत रात्री कळ आली. सर्वांत जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं म्हणून ते वाचले. पण तो दवाखाना सरकारी योजनेत बसत नव्हता. साठ हजार रुपये शेकडा पाचनं उचलावे लागले. शेकडा पाच म्हणजे शंभराला महिन्याला पाच, वर्षाला ६० टक्के. साठ हजारांवर दर महिन्याला तीन हजार नुसतं व्याज. वीस महिन्यांत मुद्दलाएवढं व्याज जातं आणि मुद्दल तसंच राहतं. त्यात पहिल्या महिन्याचं व्याज आधीच कापून घेतलेलं, म्हणजे हातात सत्तावन्नच आले. ते व्याज भरायला मायक्रोफायनान्सच्या गटाचं कर्ज काढलं, तेव्हा आठवड्याचा हप्ताही मागे लागला.

कर्ज यजमानांच्या नावावर होतं, फेडलं मात्र थोरल्या मुलीनं. नववीतून तिची शाळा सुटली आणि ती मांडीवर सूप घेऊन माझ्याशेजारी विड्या वळू लागली. सासूबाईंना रात्री भूक लागेनाशी झाली. मोठ्या घरात ओझं सगळ्यांवर सारखं पडत नाही. ज्यांना नाही म्हणता येत नाही, त्यांच्यावरच ते पडतं. थोरलीनं पुढे १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी काढली. तिच्याबरोबर विड्या वळणाऱ्या सगळ्या मुलींना ते जमलं नाही. म्हणून मोठ्या घराच्या माणसांना चार गोष्टी कळकळीनं सांगते.

आधी रेशनकार्ड बघा. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य मिळतं आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. नऊ नावं असतील तर ४५ किलो, सहाच असतील तर ३०. नव्या सुनेचं आणि तान्ह्या बाळाचं नाव लगेच चढवा, सगळ्यांची ई-केवायसी करून घ्या. मोठ्या कुटुंबाला माणसं जास्त असल्याचा फायदा मिळतो तो इथेच.

दवाखाना आजारी पडण्याआधी ठरवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे ठरलेले उपचार मिळतात, पण यादीतल्याच रुग्णालयात. तिथे आरोग्यमित्र बसतो, तो कागदपत्रांचं बघतो. आपल्या जवळचं असं रुग्णालय कोणतं ते विचारून नाव भिंतीवर लिहा. रेशनकार्ड आणि आधारच्या प्रती एका पिशवीत ठेवा, आणि ती पिशवी कुठे आहे हे शाळकरी पोरालाही माहीत असू द्या. रात्री दोन वाजता कुणी यादी शोधू शकत नाही.

कमावत्या माणसाचा विमा काढा. बँकेत वर्षाला २० रुपयांत अपघाताचा आणि ४३६ रुपयांत जीवनज्योतीचा, असे दोन-दोन लाखांचे विमे मिळतात. जीवनज्योती पन्नाशीच्या आत घ्यावा लागतो. पैसे मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून कापले जातात, तेव्हा शिल्लक ठेवा, नाहीतर विमा तुटतो.

हिशेब आठवड्याचा नको, वर्षाचा करा. पगार आठवड्याला हातात येतो म्हणून आपण आठवड्यापुरतंच बघतो. पण जूनमध्ये वह्या-दप्तरं लागणार, दिवाळी येणार, घरात कुणाचं तरी लग्न निघणार, हे आधीच ठाऊक असतं. दिवाळीचा बोनस आला की त्यातला निम्मा जूनसाठी बाजूला काढा. रब्बीची नवी ज्वारी बाजारात येते तेव्हा शेजारच्या दोन घरांनी मिळून पोती घ्या. विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर मुलांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती आहे, तिचा अर्ज वेळेत भरा. पुस्तकं आणि दुपारचं जेवण आठवीपर्यंत महापालिकेच्या शाळेत मिळतं. तिथे मुलं घालण्यात कमीपणा मानू नका.

तरीही कर्ज काढावं लागलंच, तर व्याज वर्षाचं किती होतं ते विचारा. बचत गट, पतसंस्था, सोन्यावर बँकेचं कर्ज, या वाटा आधी बघा. सावकाराकडे परवाना नसेल तर २०१४ च्या कायद्यानं त्याचा धंदा बेकायदा आहे आणि सहकार खात्याच्या निबंधकाकडे तक्रार करता येते. मायक्रोफायनान्सच्या गटाचं कर्ज देताना घरच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून निम्म्या मिळकतीच्या वर जाऊ नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण नऊ माणसांच्या घरात निम्मी मिळकत हप्त्यात गेली तर चुलीला काही उरत नाही. आमच्या घरी आता पाचव्या हिश्शाच्या वर हप्ता घेत नाही.

आणि कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी घरातल्या सगळ्यांना समोर बसवा, बायका-मुलींनाही. हे पैसे कुणाच्या ताटातून फिटणार, कुणाच्या शाळेतून फिटणार, हे मोठ्यानं विचारा. ज्याचं नाव निघेल, त्याला हो किंवा नाही म्हणायचा पहिला हक्क द्या. ते नाव मुलीचं निघालं, तर सही करू नका, दुसरी वाट शोधा.