विमानाची वेळ आणि प्रवाशाची वेळ

आगगाडीच्या प्रवासाने भारतीय माणसाला वेळेविषयी एक सवय लावली आहे. गाडी फलाटावर उभी आहे तोवर ती आपल्याला मिळणारच, असे तो धरून चालतो. शिट्टी झाल्यावर धावत येणारा उतारू, दारातून पुढे झालेला अनोळखी हात आणि मग डब्यातील सर्वांचे हसू, हे दृश्य त्याच्या परिचयाचे असते. तसे करणे धोक्याचे असले तरी पुष्कळदा ते साधते. हीच सवय घेऊन तो विमानतळावर येतो तेव्हा मात्र त्याची निराशा होते. काचेपलीकडे विमान उभे असलेले त्याला दिसते. उड्डाणाला अजून अर्धा तास अवकाश असतो. आणि तरीही त्याला परत पाठविले जाते. हा नियम त्याला निष्ठुर वाटतो. त्यामागील कारणे लक्षात घेतली तर तसे वाटणार नाही.

तिकिटावरील वेळेचा अर्थ

तिकिटावर छापलेली प्रस्थानाची वेळ ही विमानात चढण्याची वेळ नव्हे. चाकांना लावलेले अडथळे काढून विमान आपल्या जागेवरून हलते, ती ही वेळ होय. त्यापूर्वी दारे बंद झालेली असतात, सामान आत रचून झालेले असते आणि वैमानिकाच्या हाती विमानाच्या एकूण भाराचा तपशील आलेला असतो.

हा तपशील केवळ नोंदीसाठी नसतो. प्रवासी, सामान, माल आणि इंधन मिळून विमानाचे वजन किती झाले यावर ते कोणत्या वेगाला जमीन सोडील हे ठरते. तो भार पुढच्या व मागच्या भागांत कसा वाटला गेला आहे यावर विमानाचा गुरुत्वमध्य अवलंबून असतो. गुरुत्वमध्य ठरावीक मर्यादेबाहेर गेल्यास विमान ताब्यात ठेवणे कठीण होते. म्हणून प्रवासी किती व सामान किती, हे आकडे केव्हातरी पक्के करावेच लागतात. भारतातील बहुतेक विमान कंपन्या देशांतर्गत उड्डाणासाठी सामान स्वीकारण्याची खिडकी प्रस्थानापूर्वी सुमारे 60 मिनिटे बंद करतात, त्याचे एक कारण हे आहे. उरलेल्या तासाभरात स्वीकारलेले सामान क्ष-किरण तपासणीतून जाते, गाड्यांवरून विमानापर्यंत पोहोचते आणि त्याच्या पोटात भरले जाते.

विमानाला थांबवून ठेवणेही वाटते तितके सोपे नसते. मुंबईच्या जुन्या विमानतळाचे उदाहरण घेता येईल. तेथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींचा स्वतंत्रपणे एकाच वेळी वापर करता येत नाही. अशा ठिकाणी प्रत्येक विमानाच्या वाट्याला येणारी वेळ मोजकी असते. ती एकदा हुकली की विमानाला पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. तेच विमान दिवसभरात आणखी काही फेऱ्या करणार असल्याने सकाळचा उशीर संध्याकाळी दुसऱ्याच गावच्या प्रवाशांना भोगावा लागतो.

एका पेटीचा धडा

काही नियमांमागे मात्र गणिताहून अधिक गंभीर असे काही आहे. 22 जून 1985 रोजी कॅनडातील व्हॅंकूव्हर येथे एका प्रवाशाने आपली पेटी पुढे भारताकडे जाणाऱ्या विमानात चढविण्यासाठी दिली. पेटी गेली, प्रवासी विमानात चढलाच नाही. टोरंटो येथे सामान तपासण्याचे क्ष-किरण यंत्र त्याच दिवशी बंद पडले. दुसऱ्या दिवशी, 23 जूनला, एअर इंडियाचे ‘कनिष्क’ हे विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ अटलांटिक महासागरावर सुमारे 31,000 फूट उंचीवर असताना बाँबच्या स्फोटाने फुटले. त्यातील 329 माणसांपैकी एकही वाचले नाही.

ज्याचे सामान विमानात आहे तो माणूसही विमानात असलाच पाहिजे, हे तत्त्व त्यानंतर आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीत कटाक्षाने पाळले जाऊ लागले. सामान देऊन झालेला प्रवासी दारापाशी आला नाही, तर त्याची पेटी शोधून खाली उतरवावी लागते. विमानाकडे नेणारे दार प्रस्थानापूर्वी 20 ते 25 मिनिटे बंद करण्याची प्रथा आहे. या अवधीत जी कामे उरकायची असतात, त्यांत हेही एक असते.

भारतातील सुरक्षाव्यवस्थाही अशाच प्रसंगांतून घडत गेली. सप्टेंबर 1976 मधील विमान-अपहरणानंतर नेमलेल्या समितीच्या शिफारशीवरून 1978 मध्ये नागरी विमानवाहतूक सुरक्षा विभाग सुरू झाला. ‘कनिष्क’च्या घटनेनंतर, 1 एप्रिल 1987 पासून, त्याला स्वतंत्र खात्याचे स्वरूप मिळाले. डिसेंबर 1999 मध्ये काठमांडूहून निघालेल्या विमानाचे अपहरण झाले आणि 2000 सालापासून विमानतळांचे रक्षण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपविले जाऊ लागले. तपासणीच्या रांगेत जी मिनिटे जातात, त्यांच्यामागे हा इतिहास उभा आहे.

घर सोडण्यापूर्वी

प्रवाशाची तयारी आदल्या दिवशी सुरू व्हावी. तिकीट हाती घेऊन त्याने स्थळ, दिवस आणि नाव या तीन गोष्टी निरखून वाचाव्यात.

स्थळाविषयी गफलत होण्याचा संभव पूर्वीपेक्षा वाढला आहे. गोव्यात दाबोळीच्या जोडीला पेडणे तालुक्यातील मोपा येथील विमानतळावरून जानेवारी 2023 पासून वाहतूक सुरू झाली. एक दक्षिण गोव्यात, तर दुसरा उत्तरेच्या टोकाला. ‘गोवा’ एवढेच वाचून निघालेला प्रवासी भलत्याच ठिकाणी पोहोचू शकतो. दिल्लीत विमानतळ तोच असला तरी पहिल्या व तिसऱ्या टर्मिनलमध्ये कित्येक किलोमीटरचे अंतर आहे.

दिवसाची चूक अधिक फसवी असते. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो; तिकिटावर तो मध्यरात्री बदलतो. 15 तारखेला 00.30 वाजता सुटणाऱ्या विमानासाठी 14 तारखेच्या रात्रीच विमानतळावर हजर व्हावे लागते. परदेशी जाणारी अनेक विमाने मध्यरात्रीनंतर सुटत असल्याने ही चूक जाणत्या माणसांकडूनही होते.

तिकिटावरील नाव आणि ओळखपत्रावरील नाव एकच असावे. विवाहापूर्वीचे नाव एका कागदावर आणि नंतरचे दुसऱ्यावर असल्यास प्रवेशद्वारातच अडचण येते. देशांतर्गत प्रवासासाठी आधारपत्र, मतदार ओळखपत्र, वाहन चालविण्याचा परवाना किंवा पारपत्र चालते. परदेशी जाताना पारपत्र हवेच.

सामान बांधताना कोणती वस्तू कोठे ठेवायची हे आधी ठरवावे. चाकू, मोठी कात्री, अडकित्ता अशा धारदार वस्तू हातातील पिशवीत चालत नाहीत. त्या मोठ्या पेटीत ठेवाव्यात. मोबाईलसाठी वापरली जाणारी पॉवर बँक मात्र नेमकी उलट, म्हणजे हातातील पिशवीतच ठेवली पाहिजे. तिच्यातील लिथियमच्या घटाने पेट घेतल्यास प्रवाशांच्या कक्षात कर्मचारी तो तत्काळ विझवू शकतात; विमानाच्या पोटातील पेटीपर्यंत त्यांचा हात पोहोचत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांची गणनाही धोकादायक पदार्थांत होते, कारण त्यांतील तेलामुळे त्या आपोआप तापू शकतात. औषधे, चष्मा, किल्ल्या आणि महत्त्वाचे कागद सदैव जवळ असावेत.

उलटी मोजणी

वेळेचा हिशेब नेहमी शेवटाकडून करावा. समजा, विमान सकाळी 7.30 वाजता सुटणार आहे. दार 7.05 च्या सुमारास बंद होईल; सामानाची खिडकी 6.30 ला. खिडकीपुढे रांग असणार, हे गृहीत धरून 5.30 ला विमानतळाच्या प्रवेशद्वारी असावे. रस्त्याला एरवी एक तास लागत असेल तर दीड तास धरावा, म्हणजे घर पहाटे 4 वाजता सुटले पाहिजे. परदेशी प्रवासात पारपत्राची व सीमाशुल्काची तपासणी वाढते. म्हणून तेथे दोनऐवजी तीन तास धरावेत. बोर्डिंग पास घरूनच घेतलेल्या आणि सामान न देणाऱ्या प्रवाशाची एक रांग वाचते; तथापि सुरक्षा तपासणी आणि दार बंद होण्याची वेळ त्यालाही चुकत नाही. दिल्लीच्या डिसेंबर-जानेवारीतील धुक्यात विमाने उशिरा सुटतात, म्हणून उशिरा जाणेही शहाणपणाचे नाही. धुके केव्हा विरेल हे कोणी आधी सांगू शकत नाही, आणि खिडकी मात्र घोषित वेळेप्रमाणेच बंद होऊ शकते.

विमानतळावर कधी कधी एकाच नावाचा पुकारा पुनःपुन्हा होताना ऐकू येतो. त्या वेळी दीड-पावणेदोनशे माणसे विमानात पट्टे बांधून बसलेली असतात आणि खाली विमानाच्या पोटात कामगार पेट्यांच्या राशीतून एक पेटी शोधीत असतात. तिचा धनी बहुधा कोठेतरी चहा पीत असतो, किंवा अद्याप रस्त्यातच असतो. त्याच्या मनात कसलेही पाप नसते. परंतु खाली पेटी शोधणाऱ्यांना ते कळण्याचा काही मार्ग नसतो.