धुतलेला कपडा ढिगाच्या तळाशी

पोरी, नवीन घरात कपाट करून घेशील तेव्हा सुताराला भिंतभर माप देऊ नकोस. जागा मोकळी दिसली की ती भरावीशी वाटते. तीन खण पुरेत.

रोजच्या कपड्यांचा हिशोब पावसाळ्यावरून कर. आषाढात मुंबईला जाड सुती कुर्ता वाळायला दोन-दोन दिवस घेतो. तेवढ्यात निभावेल असे 7-8 जोड हवेत. त्यावरचे कपाटातच दमट होतात, आणि बुरशीचे काळे ठिपके एकदा पडले की सहसा जात नाहीत. जीन्स दोनच ठेव, ती सगळ्यात उशिरा वाळते.

नको असलेला कपडा कोणता, हे ठरवत बसू नकोस. धुऊन घडी केलेला कपडा ढिगाच्या तळाशी सरकवायचा आणि घालायला वरचाच घ्यायचा. महिनाभरात दिसेल की एखाद्याला बाजूला सारून तू दर वेळी खालचा ओढतेस. का, ते बघ. काखेत काचत असेल आणि शिवणीत माया असेल, तर उसवून घे. नसेल तर देऊन टाक. ‘बारीक झाल्यावर घालीन’ म्हणून ठेवलेले तर आधी काढ. रोज सकाळी कपाट उघडून जिवाला लावून घ्यायचं काही कारण नाही.

भारी साड्यांची मला जास्त काळजी वाटते. न नेसता ठेवली म्हणजे पैठणी जपली, असं होत नाही. रेशीम घडीवरच विरतं. दर तीन-चार महिन्यांनी साडी सावलीत वाऱ्यावर टाकायची, मग घडी बदलून मऊ सुती फडक्यात गुंडाळायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच नाही. डांबराच्या गोळ्या जरीला लागू द्यायच्या नाहीत, जर काळवंडते. एवढं सगळं दोन-तीन साड्यांचं होतं, पंधरांचं कुणाच्यानं होत नाही. ज्यांच्या घड्या तू बदलशील, तेवढ्याच घे. फोटोत तीच साडी दिसते म्हणून नवी कशाला? ब्लाउज दुसरा शिव.

गेलेल्या माणसाच्या कपड्यांना हात लावायचा धीर होत नाही, म्हणून ते वर्षानुवर्षं पडून राहतात. तुझ्या आजोबांचा एक स्वेटर मी ठेवला, थंडीत तो घालते. बाकीचे वर्षश्राद्धाच्या आत दिले, आणि बरं केलं.

देताना धुऊन, बटण लावून, नाडी ओवून दे. फाटकं देऊ नकोस, त्याची पायपुसणी कर. जुनी सुती नऊवारी मात्र घरातच राहू दे. 9 वारांत बाळाची दुपटी होतात आणि वर गोधडीला अस्तर निघतं. बोहारीण आली तर कपडे खुशाल दे, पण भांडं घेताना घरात आहेत ती आठव. ओटीत आलेले ब्लाउजपीस साठवू नकोस. साडीला जुळेल तो त्याच आठवड्यात शिवायला टाक, उरलेल्यांतला चांगला बघून पुढच्या ओटीला ठेव.