बोर्डात मावत नाही? मग बाहेर ठेव!

अगं, 'जागा पुरत नाही' एवढ्यावरून तोंड पाडून काय बसलीस? सोलापूर-बीड रस्त्यानं जाणारा माणूस आपलं तेरखेडा फटाक्यांवरून ओळखतो. इथल्या पोरीनं प्रोजेक्टला आतषबाजीचा क्रम लावणारं यंत्र निवडलं, हे शोभतंच. फटाक्यांऐवजी एलईडी लावलेस तेही बरं केलंस. खरी वात जोडणं परवानाधारकाचं काम.

आधी बघ, भरलंय काय? तुझ्या आर्डुइनो ऊनो बोर्डात प्रोग्रामसाठी फ्लॅश 32 केबी आणि चालू कामासाठी रॅम फक्त 2 केबी. रॅम भरली असती, तर सिरियलवर छापायची वाक्यं एफ मॅक्रोत घाल म्हटलं असतं, म्हणजे ती फ्लॅशमध्येच राहतात. रॅमच्या दुखण्यावर पुढे येणारं व्हर्च्युअल मशीन हा उपाय नाही, उलट तेच थोडी रॅम खातं. पण तुझी फ्लॅश भरलीय, कारण प्रत्येक शोचा क्रम तू ओळीमागून ओळ लिहून काढलास.

बाहेरच्या मेमरीतला प्रोग्राम ही चिप चालवूच शकत नाही. तिच्या लेखी तो नुसता डेटा. मग क्रमाचा डेटाच करून टाक की! एकेक हुकूम चार बाइटांचा: पहिला काय करायचं ते, दुसरा कितवा एलईडी, उरलेले दोन पुढे किती मिलिसेकंद थांबायचं. 'तिसरा लाव, 250 थांब' एवढं त्यात बसतं. बोर्डात राहतो एक छोटा लूप: चार बाइट आण, स्विच-केसनं ओळख, काम कर, पुढे सरक. झालं तुझं व्हर्च्युअल मशीन! 24एलसी256 ही बाहेर जोडायची ईईप्रॉम मेमरी 32 केबीची, तीत असे 8,192 हुकूम मावतात.

ही युक्ती जुनी आहे. 1992 साली आलेल्या पॅरलॅक्सच्या 'बेसिक स्टॅम्प'मध्ये चिपच्या आत असाच हुकूम वाचणारा दुभाषी होता आणि वापरणाऱ्याचा प्रोग्राम बाहेरच्या 256 बाइटांच्या ईईप्रॉममध्ये.

वेग कमी होतो, हे खरं. पण तू 250 मिलिसेकंद थांबणार, तिथे हुकूम आणायला एखादा गेला तर कुणाला कळणार? मोटरचा वेग क्षणोक्षणी सांभाळायचा असता, तर मीच नको म्हटलं असतं.

ईईप्रॉममध्ये लिहिताना मात्र एका दमात सोळाच बाइट लिही आणि दर वेळी पाच मिलिसेकंद थांब. ईईप्रॉमचं पान 64 बाइटांचं, तिच्याशी बोलणाऱ्या वायर लायब्ररीचा बफर पत्त्यासकट 32 चा. त्यापलीकडे गेलीस की हुकूम गहाळ, आणि चूक भलतीकडेच शोधत बसशील.

आणखी एक. कोऱ्या ईईप्रॉममध्ये सगळीकडे 255 असतं. म्हणून 255 म्हणजे 'सगळं बंद' असं ठरव आणि अनोळखी हुकूमही तिथेच वळव. यंत्राला कळलं नाही तर त्यानं गप्प बसावं. परीक्षकांना किती हुकूम मावतात ते नंतर सांग, हे आधी सांग.